'ट्रेनी' या एका शब्दामागचा इतिहास

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पसमधून सिलेक्शन झालं की हातात जे पत्र पडतं, त्यावर बहुतेक वेळा 'ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी' लिहिलेलं असतं. बोलण्यात नुसतं जीईटी. त्याच वर्गातल्या दुसऱ्याला 'ग्रॅज्युएट अप्रेंटिस' म्हणून पत्र येतं. पेढे दोन्ही घरांत वाटले जातात, पण कायद्याच्या लेखी या दोघांची जात वेगळी आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग निघाले ते सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखाली माणसं हवी होती म्हणून. नोकरी आधी ठरलेली, वर्ग नंतर भरलेला. वरच्या जागांसाठी पुढे इंग्लंडमध्ये वेगळं कॉलेज काढलं होतं, ते १९०६ मध्ये बंद झालं. स्वातंत्र्यानंतर धरणं, पोलाद आणि रेल्वेच्या कामांना इंजिनीअर कमी पडतील या हिशेबाने जागा वाढवत नेल्या.

हिशेब चुकला तो साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला, १९६६ ते १९६९ पंचवार्षिक योजनेला सुट्टी मिळाली, सरकारी खर्च आटला आणि कारखान्यांच्या ऑर्डरी घटल्या. पदवीधर इंजिनीअर घरी बसलाय, हे दृश्य देशाने तेव्हा पहिल्यांदा एवढ्या प्रमाणावर पाहिलं. त्यावर तोडगा म्हणून मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि कानपूर इथे पदवीधरांच्या प्रशिक्षणासाठी मंडळं उभी राहिली.

पुढचं पाऊल मात्र वादाचं ठरलं. शिकाऊ उमेदवारांचा, म्हणजे अप्रेंटिसांचा, १९६१ चा कायदा मुळात फिटर, टर्नर, वेल्डर अशा ट्रेडसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवी आणि पदविकाधारक इंजिनीअर आणले गेले. या निर्णयाच्या बाजूने सांगितलं जातं की कॉलेजात फळ्यावरचं शिक्षण मिळतं, वर्षभर शॉप फ्लोअरवर काढल्याशिवाय इंजिनीअर तयार होत नाही. त्यात तथ्य आहे. पण ट्रेड शिकणाऱ्या मुलाला वर्षअखेर एक कसब हातात मिळतं. पदवीधराला अनेक ठिकाणी पहिल्या महिन्यापासून ड्रॉइंग, क्वालिटी किंवा मेंटेनन्सच्या नेहमीच्या कामाला लावतात, फक्त पैसे स्टायपेंडचे देतात. खरं सांगायचं तर हा शिक्षणाचा कार्यक्रम कमी आणि बेकारांची यादी आखूड करण्याचा उपाय जास्त होता.

खोच याच कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. अप्रेंटिस हा 'ट्रेनी' आहे, 'कामगार' नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांसारखे थोडे अपवाद सोडले, तर संरक्षण संपलं. कलम २२ तर म्हणायचं की प्रशिक्षणानंतर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित अप्रेंटिसला थेट भरतीतल्या उमेदवाराआधी प्राधान्य द्यावं. प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे, हे अनेकांना उशिरा कळलं. २०१४ च्या दुरुस्तीने कलमाची भाषा बदलली: प्रत्येक मालकाने भरतीचं आपलं धोरण ठरवावं. धोरण काय असावं, हे मालकावरच सोडलं.

जीईटी या कायद्याखाली येतोच असं नाही. खासगी कंपनीत तो बहुधा स्वतंत्र करारावर असतो, कधी बाँडसकट. सार्वजनिक उपक्रमांत गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर घेतलेला 'ट्रेनी' मात्र अधिकाऱ्याच्या वेतनश्रेणीकडे निघालेला असतो. शब्द एकच, त्यात तीन माणसं. गुंता भविष्यनिर्वाह निधीपर्यंत गेला. निधीच्या १९५२ च्या कायद्यात १९६१ च्या कायद्याखालचे अप्रेंटिस वगळलेले होतेच, शिवाय कंपनीच्या स्थायी आदेशांखालचे, म्हणजे तिच्या सेवाशर्तींच्या नियमांखालचेही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात प्रशिक्षणार्थींना अप्रेंटिस मानून निधीच्या बाहेर ठेवलं.

या सगळ्याला धार आली ती संख्येमुळे. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि जागा भराभर वाढल्या. नव्वदीनंतर सॉफ्टवेअर कंपन्यांनी शाखा न बघता घाऊक भरती सुरू केली. मेकॅनिकल, सिव्हिलची मुलंही ॲप्टिट्यूडची पुस्तकं घेऊन बसली, दहावीपासून ६० टक्के आणि केटी (पास न होता पुढच्या वर्षात नेलेला विषय) नसणं ही चाळणी झाली. २००८-०९ च्या मंदीत आणि पुन्हा २०२२ च्या बॅचला ऑफर लेटर हातात असूनही जॉइनिंगची तारीख महिनोन्‌महिने येत नव्हती. ट्रेनी व्हायलाही वेटिंग!

२०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसचा किमान स्टायपेंड महिना ९,००० रुपये केला, आणि ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं भाग पडलं. त्यामुळे कॅम्पसला आता दोन्ही प्रकारची पत्रं एकाच टेबलावर येतात, आणि 'प्लेसमेंट झाली' या एकाच आकड्यात दोन्ही मोजली जाऊ शकतात.