अळूच्या पानावरचा थेंब

जितकं गुळगुळीत तितकं स्वच्छ, अशी आपली पक्की समजूत. फरशी निवडतानाही आपण तेच बघतो. अळूचं पान ही समजूत साफ खोटी ठरवतं.

यावल तालुक्यात मामांच्या विहिरीजवळ, पंपाचं पाणी सांडतं तिथे अळू माजलाय. मे महिन्यात बांधावरची धूळ त्यावर बसलेली असते. मी ओंजळीतून पाणी सोडलं. थेंब पाऱ्यासारखे गोल झाले आणि घरंगळताना धूळ उचलत गेले. मागे हिरवीगार रेघ उरली.

“पान तेलकट असतं ना!” मामा म्हणाले. उत्तर अर्धं बरोबर आहे. पानावर मेण असतं. पण गुळगुळीत मेणावर थेंब जेमतेम 105 ते 110 अंशांचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी पाण्याच्या आतून करते तो कोन) करतो, म्हणजे अर्धगोलाहून थोडा जास्त फुगतो. अळूवर, कमळावर हा कोन 150 अंशांच्या पुढे जातो. ही करामत खडबडीतपणाची. पानावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे उंचवटे असतात आणि त्यांच्यावर त्याहूनही कितीतरी बारीक मेणाचे कण. थेंब फक्त टोकांवर टेकतो, खाली हवा अडकून राहते. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी 1944 साली याचं गणित मांडलं. थेंबाखालच्या क्षेत्रापैकी समजा 3 टक्केच पानाला टेकलं, तर नव्या स्पर्शकोनाचा कोसाइन 0.03 × (1 + कोसाइन 105°) − 1 = −0.978, म्हणजे स्पर्शकोन जवळपास 168 अंश! जवळजवळ पूर्ण गोळाच. असा थेंब घसरत नाही, गडगडतो. धूळही टोकांवरच टेकलेली असल्यामुळे पानापेक्षा पाण्याला जास्त चिकटते.

मामा केळीवर करप्याचं औषध मारताना पंपात स्टिकर टाकतात, ते याच्या उलट काम. स्टिकर पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, मग थेंब मेणचट पानावर पसरतो.

जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानं तपासत होते. गुळगुळीत पानं आधी धुवावी लागत, खडबडीत मुळातच स्वच्छ निघत. 1997 मध्ये त्यांचा यावरचा गाजलेला शोधनिबंध आला, 1999 मध्ये याच तत्त्वावरचा भिंतींचा रंग बाजारात आला. गीतेत कमळाच्या पानाला पाणी चिकटत नाही हा दृष्टान्त आहे, म्हणून ‘पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होतं’ असे संदेश फिरतात. निरीक्षण त्यांचं अचूक होतं. कारण मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारं नव्हतं.

पानाचा एक भाग अंगठ्याने चोळून पाहा. तिथे थेंब चपटा होतो, कारण मेणाची रचना मोडते. जिवंत पान मेण पुन्हा तयार करतं, रंगाला ते जमत नाही. साक्रीजवळच्या सौर प्रकल्पासारख्या ठिकाणी पॅनेलवर असा लेप द्यायचा, तर तो पारदर्शक हवा आणि वाळूच्या घासणीत टिकायला हवा. शिवाय धूळ उचलायला थेंब लागतो, आणि धुळे-जळगावकडे दिवाळीपासून जूनपर्यंत पावसाचा थेंब क्वचितच पडतो.