विद्युत् गिटारचे धड : लाकूड व झीज

विद्युत् गिटारचे धड : लाकूड व झीज. भरीव धडाच्या विद्युत् गिटारमध्ये तारांची कंपने चुंबकीय पिकअप टिपतो. ध्वनिक गिटारला लागते तशी पातळ, नाजूक फळी इथे लागत नाही. सु. ४.५ सेंमी. जाडीचा ठोकळा कोरून त्यात पिकअप, वायरी आणि पोटेन्शिओमीटर (आवाज कमीजास्त करण्याचे फिरते नियंत्रक) बसवतात. या ठोकळ्याला तारांचा ताण (मधल्या जाडीच्या सहा तारांचा मिळून सु. ४५ किग्रॅ.) पेलावा लागतो. शिवाय वादकाच्या कमरपट्ट्याचे बक्कल, दाराची चौकट, कोपराचे घर्षण आणि घाम हेही रोज सोसावे लागते.

लाकडाचा टणकपणा जांका कसोटीने मोजतात. ११.२८ मिमी. व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो, तो हा आकडा. (व्यास असा निवडला आहे, की गोळ्याच्या मधल्या छेदाचे क्षेत्रफळ १ चौ. सेंमी. भरते.) पौंडांत मोजल्यास बासवूड सु. ४१०, पॉप्लर ५४०, तांबडा अल्डर ५९०, महोगनी ८०० ते ९००, पांढरा ॲश १,३२० आणि कठीण मेपल १,४५० असा क्रम लागतो. आपल्या ओळखीचे सागवान १,००० च्या आसपास आहे. उघड्या बासवूडवर अंगठ्याचे नख दाबले तरी वण उमटतो. तरीही वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत बासवूड ‘कठीण लाकूड’ ठरते, कारण ती वर्गवारी झाडाच्या जातीवरून होते, टणकपणावरून नव्हे.

हा तक्ता जसाच्या तसा गिटारला लावला, तर फसगत होते. ‘स्वॉम्प ॲश’ ही झाडाची स्वतंत्र जात नाही. दलदलीत वाढलेल्या ॲशच्या बुंध्याकडच्या हलक्या लाकडाचे ते व्यापारी नाव आहे आणि ते पांढऱ्या ॲशपेक्षा बरेच मऊ असते. ॲशमध्ये वसंतातली सच्छिद्र वाढ आणि नंतरची घट्ट वाढ यांचे पट्टे आलटून पालटून येतात. बक्कल घासत राहिले की मऊ पट्टे आधी झिजतात आणि कठीण पट्टे उभे राहतात; पाठीवरून बोट फिरवले, तर ते कंगोरे हाताला लागतात. अल्डरचा पोत एकसारखा असतो. त्यात पोचा पडतो, पण असे कंगोरे सहसा उठत नाहीत. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारमध्ये (१९५२ पासून) महोगनीच्या धडावर मेपलचा थर चढवलेला असतो. त्यामुळे पुढची बाजू तग धरते आणि बक्कल घासणारी पाठ मात्र मऊच राहते.

फेंडर कंपनीचे आरंभीचे नमुने पाइनचे होते. १९५० पासून विक्रीला आलेली गिटारे ॲशची होती. साधारण १९५६ च्या मध्यापासून बहुतेक रंगांसाठी अल्डर आले आणि रेषा दिसू देणाऱ्या फिकट रंगासाठी ॲश राहिले. या बदलामागे टिकाऊपणाचा विचार होता, असे कधीकधी लिहिले जाते. ॲशची छिद्रे लांबी (पुट्टी) भरून बुजवावी लागतात आणि अल्डरचे ते काम वाचते, हे कारण अधिक पटते.

झीज लाकडावर अवलंबून असते की वरच्या लेपावर, हा खरा वादाचा मुद्दा आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर द्रावक उडून वाळतो. तो पातळ बसतो, थंडीत त्याला बारीक तडे जातात आणि घर्षणाने तो निघून जातो. गिटार ठेवण्याच्या स्टँडवरच्या काही रबरांतील रसायनांनीही तो विरघळतो. पॉलिएस्टरचा लेप रासायनिक क्रियेने घट्ट होतो आणि जाड बसतो. फेंडरने जाड पॉलिएस्टर कधी स्वीकारला, याबद्दल अभ्यासक १९६७–६८ च्या आसपासचा काळ धरतात. मात्र ‘फुलरप्लास्ट’ नावाचा छिद्रे बुजवणारा थर त्याआधी, बहुधा १९६३ च्या सुमारास, वापरात आला होता. त्यामुळे ‘साठच्या दशकातली गिटार म्हणजे निव्वळ नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकर)’ हा सर्रास केला जाणारा दावा जपून घ्यावा. मऊ लाकडावर कडक, जाड लेप असला, तर धक्क्याने खालचे लाकूड दबते आणि लेप अंड्याच्या कवचासारखा ताऱ्याच्या आकारात फुटतो. तोच धक्का मेपलवर बसला, तर अनेकदा नुसता ओरखडा राहतो. म्हणून रोजच्या घर्षणापुरता लेप आणि धक्क्यापुरते लाकूड निर्णायक, असे मानणे अधिक योग्य वाटते.

आयर्लंडचे वादक रॉरी गॅलाघर यांची १९६१ ची, अल्डरच्या धडाची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार हे याचे प्रसिद्ध उदाहरण. १९६३ मध्ये कॉर्कमध्ये जुनी म्हणून घेतलेल्या या गिटारचा रंग पुढे जवळजवळ सगळा निघून गेला. याचे श्रेय त्यांच्या घामाला देण्याची प्रथा आहे. घामाचा वाटा असेलच, पण पातळ लॅकर आणि रंगमंचावरची तीन दशके एवढे कारणही पुरेसे आहे. रंग गेल्यावरही धड वाजण्याजोगे शाबूत राहिले, हे अल्डरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

न दिसणारी झीज स्क्रूंच्या भोकांत होते. बासवूडमध्ये गिटार गळ्यात अडकवण्याच्या पट्ट्याच्या खुंटीचा स्क्रू काही वर्षांत ढिला होऊन नुसता फिरू लागतो, आणि तरंगत्या ब्रिजचे (धडावरच्या तारा धरणाऱ्या, हलत्या घोडीचे) खांब तारांच्या ओढीने पुढे कलतात. कारागीर भोकात टणक लाकडाची काडी सरस लावून ठोकतात आणि नवे भोक पाडतात. मुंबई–कोकणच्या पावसाळी हवेत स्क्रू गंजले, की भोकाभोवतीचे लाकूडही काळे पडते.

तंतू तुटलेले नसतील, फक्त दबलेले असतील, तर पोचा वर आणता येतो. ओले फडके ठेवून गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवतात. वाफेने तंतू फुगतात. उघड्या लाकडावर हे सहज साधते, पॉलिएस्टरखाली वाफ पोचत नाही, आणि नायट्रोवर पांढरा डाग उमटण्याची भीती असते.

ॲशचा पुरवठा आता आटला आहे. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेली ॲश पोखरणारी हिरवी कीड आणि मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यातले लांबलेले पूर यांमुळे फेंडरने २०२० मध्ये नेहमीच्या बहुतेक उत्पादनांतून ॲश काढून टाकले.