फुकटच्या फाइलीमागची तीनशे वर्षं

पायरसी हा शब्द इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दुसऱ्याचं पुस्तक परस्पर छापून विकणाऱ्या मुद्रकाला समुद्रावरच्या लुटारूंचं नाव चिकटलं आणि पुढे ते कायमचं झालं. मराठीत आपण चाचेगिरी म्हणतो. (हिंदीतल्या चाचांचा यात काही दोष नाही.) गंमत अशी की त्या काळी लूट व्हायची ती लेखकाची नव्हे. १५५७ साली राजसनद मिळालेल्या स्टेशनर्स कंपनी या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाच्या वहीत पुस्तक ज्याच्या नावावर चढलं, त्याचा त्यावर हक्क. लेखकाने हस्तलिखित एकदा विकलं की त्याचा संबंध संपला. भांडणं होती ती एका मुद्रकाची दुसऱ्याशी.

लेखक या हिशेबात आला तो १७१० साली. राणी ॲनच्या कारकिर्दीतल्या ब्रिटिश कायद्याने नव्या पुस्तकाचा हक्क १४ वर्षांसाठी लेखकाला दिला आणि त्यानंतर तो हयात असेल तर आणखी १४ वर्षं. आज जो कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही अनेक दशकं चालतो, त्याची सुरुवात इतकी आखूड होती. शिवाय तो देशाच्या सीमेवर संपायचा. अमेरिकेतले प्रकाशक इंग्लंडमधली पुस्तकं बिनदिक्कत छापत आणि लेखकाला छदाम देत नसत. १८४२ साली चार्ल्स डिकन्स तिथे दौऱ्यावर गेला आणि जाहीर समारंभांत त्याने हा विषय काढला, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी त्यालाच पैशाचा लोभी ठरवलं. देशोदेशीच्या लेखकांना परस्पर संरक्षण देणारा बर्न करार १८८६ साली झाला. अमेरिकेने परदेशी लेखकांचे हक्क मानायला १८९१ उजाडलं आणि बर्न करारात ती आली ती थेट १९८९ साली. आज या विषयावर जगाला धडे देणारा देश शंभर वर्षं दुसऱ्या बाजूला उभा होता, हे लक्षात ठेवलं की पुढच्या अनेक भाषणांचा आवाज आपोआप थोडा कमी होतो.

त्या काळच्या चाच्याला भांडवल मात्र लागायचं. छापखाना, खिळे, कागद, माणसं, माल ठेवायला जागा. नक्कल करणं महाग होतं आणि म्हणूनच नक्कल करणारा सापडायचा. पुढची सगळी कहाणी ही किंमत घसरत जाण्याची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपोआप वाजणारे पियानो आले. भोकं पाडलेली कागदी गुंडाळी घातली की ते गाणं वाजवायचे. संगीतकारांनी पैसे मागितले, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली सांगितलं की माणसाला वाचता येत नाही ती गुंडाळी स्वरलिपीची प्रत होऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. एकदा गाण्याची यांत्रिक आवृत्ती निघाली की इतर कोणीही ती काढावी, मात्र प्रत्येक प्रतीमागे संगीतकाराला २ सेंट द्यावेत, असा तोडगा निघाला. यंत्र बंद पाडायचं नाही, त्यातून पैसे वळते करायचे. आपल्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी युक्ती तीच, आणि ती वारंवार विसरली गेली.

१९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली, १९७५ साली सोनीने बीटामॅक्स हा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर. चित्रपटवाले हादरले. त्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ साली अमेरिकी संसदेच्या समितीसमोर या यंत्राची तुलना एकट्या बाईला गाठणाऱ्या कुख्यात खुन्याशी केली. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा गुन्हा नव्हे आणि असं यंत्र विकणंही नव्हे. नंतरच्या काळात व्हिडिओ कॅसेटच्या विक्रीने आणि भाड्याने स्टुडिओंच्या तिजोऱ्या भरल्या.

कॅसेटच्या जमान्यात आणखी एक नैसर्गिक अडसर होता. कॅसेटवरून कॅसेट भरली की आवाज दबायचा, तिच्यावरून तिसरी भरली की खरखर वाढायची. नकलेची नक्कल सडत जायची. संगणकाच्या फाइलीला हा नियम लागू नाही. तिची हजारावी प्रत पहिलीइतकीच धडधाकट असते.

हे सर्वांत आधी कळलं सॉफ्टवेअरवाल्यांना. १९७६ च्या फेब्रुवारीत वीस वर्षांच्या बिल गेट्सने संगणकाचा छंद असलेल्यांना उद्देशून एक उघडं पत्र लिहिलं. आल्टेअर या संगणकासाठीची आमची बेसिक भाषा तुमच्यापैकी बहुतेक जण चोरून वापरता, असा त्यातला सूर होता. दहा वर्षांनी लाहोरमधल्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. आयबीएमच्या धाटणीच्या पीसीवरचा तो पहिला विषाणू मानतात. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या बेकायदा प्रती कुठे पोचतात ते पाहण्यासाठी तो केला, असं त्यांनी नंतर सांगितलं. विषाणूत त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो देशोदेशी गेला आणि दूरदूरच्या अनोळखी लोकांचे फोन खणखणू लागले. चोरीची प्रत आणि तिच्या पोटातला विषाणू ही जोडी इतकी जुनी आहे. फरक एवढाच की आजचे विषाणू लिहिणारे फोन नंबर देत नाहीत.

सीडी १९८२ साली बाजारात आली, आणि तिला कुलूपच नव्हतं. तिच्यात मावणारे साडेसहाशे मेगाबाइट साठवणार कुठे? पुढच्या वर्षी आलेल्या आयबीएमच्या पीसीची हार्ड डिस्क १० मेगाबाइटची होती. नक्कल होईल ही भीती बाळगायचं कारणच कोणाला दिसलं नाही. मग जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी कानाला जे ऐकू येत नाही ते गाळून आवाज दाबण्याची पद्धत घडवली आणि १९९५ साली तिच्या फाइलींना ‘एमपी३’ हे शेपूट मिळालं. चाळीस मेगाबाइटचं गाणं चारात बसू लागलं. टेलिफोनच्या तारेवरच्या मोडेमला तेवढं उतरवायला दहाएक मिनिटं पुरत.

दारू भरून ठेवलेली होती, ठिणगी पडली १९९९ च्या जूनमध्ये. शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या पोराने नॅपस्टर लिहिलं. कोणाच्या संगणकावर कोणतं गाणं आहे याची यादी नॅपस्टरच्या सर्व्हरवर, गाणी मात्र लोकांच्या घरी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेकॉर्ड कंपन्यांनी खटला भरला, आणि यादी तुमच्याकडेच आहे म्हणजे काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे, या मुद्द्यावर कंपनी अडकली. जुलै २००१ मध्ये ते बंद पडलं. पण सगळ्यांनी धडा घेतला तो उलटाच: यादी ठेवायचीच नाही. ग्नुटेला आणि काझाने मध्यवर्ती सर्व्हर काढून टाकला. २००५ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ग्रॉक्स्टर या अशाच सॉफ्टवेअरच्या प्रकरणात एकमताने ठरवलं की लोकांना उल्लंघनासाठी चिथावून सॉफ्टवेअर वाटणाराही जबाबदार धरला जाईल. तोवर गाडी पुढे निघून गेली होती.

ती गाडी म्हणजे बिटटॉरंट. ब्रॅम कोहेनने २००१ साली ते प्रसिद्ध केलं. इथे जरा थांबायला हवं, कारण अनेक वाचकांचा गैरसमज नेमका इथेच आहे. टॉरंटमध्ये फाइलीचे बारीक तुकडे होतात आणि मिळालेला प्रत्येक तुकडा तुमचा संगणक त्याच क्षणी इतरांना वाटू लागतो. म्हणजे ‘मी फक्त डाउनलोड केलं’ हा बचाव तांत्रिकदृष्ट्याच लंगडा पडतो, कारण तुम्ही वितरकही झालेले असता. आणि तुकडे देणाऱ्या-घेणाऱ्यांचे आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या जोडणीचे ओळख-आकडे) त्या जथ्यातल्या सगळ्यांना दिसतात. हक्कदार कंपन्यांची माणसंही त्याच जथ्यात मुकाट बसलेली असतात. तंत्र मात्र निर्दोष आहे. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनेक आवृत्त्या अधिकृतपणे टॉरंटनेच वाटल्या जातात.

स्वीडनमध्ये २००३ साली सुरू झालेल्या, टॉरंट शोधून देणाऱ्या ‘द पायरेट बे’ या साइटवर ३१ मे २००६ रोजी पोलिसांनी छापा घातला, सर्व्हर उचलून नेले, आणि काही दिवसांतच साइट पुन्हा उभी राहिली. २००९ साली चौघांना एकेक वर्षाची कैद आणि मिळून ३ कोटी क्रोनरची भरपाई सुनावली गेली. अपिलात कैद कमी झाली, भरपाई वाढली. साइट चालूच होती.

दरम्यान अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी थेट श्रोत्यांवरच खटले गुदरायला सुरुवात केली. सप्टेंबर २००३ मध्ये पहिल्या फेरीत २६१ जण. एका प्रकरणात २४ गाण्यांसाठी ज्यूरीने १९ लाख २० हजार डॉलरचा दंड ठोठावला, म्हणजे गाण्यामागे ८० हजार. पुढे तो घटून २ लाख २२ हजारांवर स्थिरावला. मुंगी मारायला तोफ. त्याहून वाईट घडलं २००५ साली. नक्कल रोखण्यासाठी सोनी बीएमजीच्या काही सीडी ग्राहकाच्या संगणकात गुपचूप एक प्रोग्राम बसवतात आणि त्याला लपवूनही ठेवतात, हे मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने उघड केलं. इतर विषाणूंनाही त्या लपणीचा फायदा घेता येत होता. सीडी परत मागवाव्या लागल्या. ज्याने दुकानात जाऊन पैसे मोजले त्याचा संगणक बिघडला, आणि फुकट उतरवून घेणारा सुखरूप राहिला. ग्राहक गमावण्याची याहून खात्रीशीर रीत सांगता येणार नाही.

पायरसीला खरी ओहोटी लागली ती दुसऱ्या बाजूने. ॲपलने एप्रिल २००३ मध्ये ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. २००७ साली नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग आलं, २००८ साली स्पॉटिफाय, तेही पायरेट बेच्याच स्वीडनमधून. अमेरिकेतल्या संगीत उद्योगाची कमाई १९९९ साली सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती. ती घसरत २०१४ पर्यंत निम्म्याहून खाली आली आणि मग स्ट्रीमिंगच्या जोरावर पुन्हा चढू लागली. गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल २०११ साली म्हणाले होते की पायरसी ही बहुतेक वेळा किमतीची नव्हे, सेवेची अडचण असते. ते पटतं. म्हणूनच एक मालिका एका ॲपवर, दुसरी दुसऱ्यावर, तिसरी आपल्या देशात नाहीच, अशी वाटणी झाली तशी जुनी वाट पुन्हा वाहती झाली.

पण ती वाट आता तशी राहिलेली नाही. नॅपस्टरवर गाणी वाटणाऱ्याला त्यातून काही मिळत नव्हतं. आजच्या फुकट सिनेमाच्या साइटमागे धंदा आहे. जाहिराती, तीन-तीन खोटी ‘प्ले’ची बटणं, ‘तुमचा प्लेयर जुना झालाय’ म्हणणाऱ्या खिडक्या, नोटिफिकेशनची परवानगी मागणारे चौकोन: दर क्लिकमागे कोणाला तरी पैसे मिळत असतात. सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे सॉफ्टवेअरचे क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडणाऱ्या फाइली. स्टॉप किंवा जेव्हू नावाचं खंडणीखोर मालवेअर मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरलं आणि त्याने घरच्या संगणकांवरचे फोटो, कागदपत्रं कुलूपबंद केली. दुसरी जात चोरट्यांची. ती ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (साइटला तुमचं लॉग-इन लक्षात ठेवू देणाऱ्या छोट्या नोंदी) उचलते. चोरलेली कुकी हातात असली की चोराला ओटीपीही लागत नाही, कारण तुम्ही आधीच लॉग-इन केलेलं असतं.

ओळखायच्या खुणा या यंत्रणेतूनच निघतात. इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा असं सांगणारी फाइल; झिपला पासवर्ड लावून तो शेजारीच लिहून ठेवलेला, म्हणजे वाटेतल्या तपासणीला आत डोकावता येऊ नये; सिनेमा म्हणून उतरवलेल्या फाइलीचं शेपूट ‘.exe’ च्या धर्तीचं, म्हणजे चालवायचा प्रोग्राम. प्रीमियम सोयी फुकट देणारं, ॲप स्टोअरबाहेरचं ‘मॉड’ ॲप. यातलं एकही दिसलं तर पुढे जाऊ नये. व्हीपीएन लावलं की झालं, ही समजूतही खोटी. व्हीपीएन ही सेवा तुमचा आयपी पत्ता लपवते, फाइलीत काय आहे ते बदलत नाही, आणि बेकायदा गोष्ट तिने कायदेशीर होत नाही.

पायरसी टाळायची तर पैसेच मोजायला हवेत असं अजिबात नाही. मायकेल हार्टने १९७१ साली सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मुदत संपलेली हजारो पुस्तकं उघड पडलेली आहेत. अनेक महागड्या सॉफ्टवेअरला मुक्त पर्याय आहेत: लिबरऑफिस, गिंप, ब्लेंडर. निर्मात्याने आपली कृती इतरांना वापरू देण्यासाठीचे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून वापरात आहेत, फक्त त्यातली बारीक अक्षरं वाचावीत. एखादा परवाना व्यापारी वापराला मनाई करतो, एखादा फेरफाराला. गूगलवर दिसलेलं चित्र मात्र सापडलं म्हणून मोकळं होत नाही. आणखी एक फसवी जागा: मूळ पुस्तकाचा कॉपीराइट संपला तरी त्याच्या अनुवादाचा, नव्या ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्र असतो. शिवाय मुदत देशागणिक वेगळी. बर्न कराराने लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं सांगितली आहेत, अनेक देशांनी ती वाढवून ६० किंवा ७० केली आहेत.

या मुदतीच्या फरकातूनच एक विचित्र प्रकार घडला. जॉर्ज ऑर्वेल १९५० साली वारला. काही देशांत त्याची पुस्तकं मोकळी झालेली, अमेरिकेत नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनच्या लक्षात आलं की किंडल या तिच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी अशा विक्रेत्याने विकली आहे, ज्याच्याकडे तिथले हक्कच नव्हते. कंपनीने ग्राहकांच्या यंत्रांतून प्रती परस्पर पुसल्या आणि पैसे परत केले. सरकार नको असलेला मजकूर भट्टीत टाकतं त्या कादंबरीच्याच वाट्याला हे आलं, म्हणून फार टीका झाली आणि जेफ बेझोसने माफी मागितली. रीतसर दुकानातून, रीतसर पैसे भरून घेतलेली प्रतही पायरसीची निघू शकते, हे तेव्हा ग्राहकांना कळलं. आणि आपण विकत घेतो ती फाइल बहुधा आपली होत नाही, वापरायचा परवानाच तेवढा मिळतो, हेही. जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात दुकानदाराला हे स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा मालाच्या बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहिता येत नाही.