कृष्णा-कोयनेची बेरीज

कृष्णा आणि कोयना दोघींचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरात, आणि भेट कराडला, प्रीतिसंगमावर. मधली वाट मात्र दोघींची निराळी. कृष्णा आधी उगवतीकडे निघते, धोम-वाई करते, मग दक्षिणेचा रोख धरून माहुलीवरून कराडला येते. कोयनेचं उलट. ती आधी दक्षिणेला उतरते ती थेट हेळवाकपर्यंत आणि तिथे काटकोनात वळून पूर्वेला कराड गाठते. एकीने पूर्व आधी घेतली, दुसरीने दक्षिण, आणि दोघी पोचल्या एकाच जागी. सदिशांची, म्हणजे आकड्याबरोबर दिशाही असलेल्या राशींची, बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच येतं, हा अकरावीच्या भौतिकशास्त्रातला नियम सातारा जिल्ह्याच्या नकाशावर असा आयता काढून ठेवलेला आहे.

ढोबळ आकडे घेऊ. कराड हे महाबळेश्वरच्या दक्षिणेला सुमारे 70 किलोमीटर आणि पूर्वेला सुमारे 55 किलोमीटर आहे. 70 चा वर्ग 4900, 55 चा 3025, बेरीज 7925, वर्गमूळ 89. म्हणजे विस्थापन, निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचा सरळ रेषेतला पल्ला, 89 किलोमीटर. कोयनेची लांबी मात्र साधारण 130 किलोमीटर, म्हणजे काटकोनाच्या दोन बाजू चालून जाणाऱ्याला जेवढं अंतर पडेल (70 अधिक 55) त्याच्या आसपास. इथवर सगळे करतात. पुढचा अर्धा भाग, म्हणजे दिशा, उत्तरपत्रिकेत हमखास राहून जातो. 55 भागिले 70 म्हणजे 0.79, ज्या कोनाचा टॅन (काटकोन त्रिकोणात समोरची बाजू भागिले लगतची बाजू) एवढा येतो तो कोन 38 अंशांचा. तेव्हा दक्षिणेपासून पूर्वेकडे 38 अंश. नुसतं 'आग्नेयेला' म्हणून भागत नाही, कारण आग्नेय म्हणजे नेमके 45 अंश. अष्टदिशा वास्तू बघायला पुरतात, हिशेबाला पुरत नाहीत.

यातलं वर्गमूळ आपल्याकडे फार जुनं. शुल्बसूत्रांत आयताच्या कर्णाचा नियम आहे, आणि 1150 सालच्या 'लीलावती'त भास्कराचार्य भुज, कोटी (काटकोनाच्या दोन बाजू) आणि कर्ण हेच शब्द वापरून तीन आणि चारवरून पाच काढायला लावतात. पण तो कर्ण म्हणजे लांबी. कर्ण ही स्वतःच एक 'बेरीज' आहे, असं तिथे कोणी म्हणत नाही.

दोन गतींचं मिळून काय होतं, हा प्रश्न ग्रीकांनी विचारला होता. अॅरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या यंत्रशास्त्राच्या ग्रंथात, एकाच वेळी दोन बाजूंनी ठरावीक प्रमाणात सरकणारी वस्तू कर्णावरून जाते, हे सांगितलं आहे. पुढे 1586 मध्ये सायमन स्टेविनने उतारावर मण्यांची माळ टाकून बलांचा त्रिकोण दाखवला, आणि 1687 मध्ये न्यूटनने गतीच्या नियमांना जोडलेल्या पहिल्याच उपप्रमेयात समांतरभुज चौकोन मांडला: दोन बलं त्याच्या दोन बाजू, आणि दोन्हींचा मिळून परिणाम त्याच्या कर्णावरून. पाठ्यपुस्तकं इतिहास सांगतात तो बहुतेक इथपासूनच. मला मात्र यातली खरी मेहनत खलाशांची आणि मोजणीवाल्यांची वाटते.

किनारा दिसेनासा झाला की जहाज आहे कुठे? वाऱ्यामुळे वाट नागमोडी. दर अर्ध्या तासाला दिशा आणि वेग टिपून ठेवायचे, त्यासाठी भोकं पाडलेली फळी असायची आणि तीत खुंट्या खोचायच्या. पाळी संपली की प्रत्येक तुकड्याचे दोन भाग पाडायचे: उत्तर-दक्षिण किती, पूर्व-पश्चिम किती. रकान्यांची बेरीज केली की जहाजाचा ठाव लागे. आज ज्याला आपण घटक पाडून बेरीज करणं म्हणतो ते हेच. फक्त त्याला सिद्धान्ताचा मान नव्हता.

जमिनीवरही तसंच. आपल्याकडची शंकू-साखळीची मोजणी आठवा. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. 1830 च्या दशकात इंदापूर भागात सुरू झालेली ब्रिटिश मोजणी 1848 मध्ये सातारचं राज्य खालसा झाल्यावर इकडेही आली. शेतातून एक मूळ रेषा टाकायची, बांधाच्या कोपऱ्यावर शंकूने (काटकोन साधायच्या उपकरणाने) काटकोन धरायचा आणि रेषेपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर साखळीने घ्यायचं. प्रत्येक कोपऱ्याला दोन आकडे, एक रेषेवरचा आणि एक काटकोनातला. बांधाबांधाने फिरून पहिल्या दगडापाशी परत आलं की सगळ्या विस्थापनांची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर मोजणी चुकली. मग शेजारी कितीही शपथा घेवोत.

तेव्हा सदिशांच्या बेरजेची सरळ व्याख्या पहिल्यांदा एका मोजणीदारानेच दिली, याचं नवल वाटू नये. नॉर्वेत जन्मलेला कॅस्पर वेसेल डेन्मार्कच्या भूमापनात नोकरीला होता. 1797 मध्ये त्याचा एक निबंध डॅनिश अकादमीपुढे वाचला गेला. त्यात तो म्हणतो: पहिली रेषा जिथे संपते तिथून दुसरी सुरू करा, आणि पहिलीच्या आरंभापासून दुसरीच्या शेवटापर्यंत जी रेषा जाते तिला दोघींची बेरीज म्हणा. क्रम बदलला तरी चालेल, हेही तो सांगतो. निबंध 1799 मध्ये छापला गेला, पण डॅनिश भाषेत, त्यामुळे गणित्यांच्या नजरेला तो जवळजवळ शंभर वर्षं पडलाच नाही. फ्रेंच भाषांतर आलं ते 1897 मध्ये. तोवर इतरांनी तीच वाट पुन्हा तुडवली होती.

'व्हेक्टर' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला आयर्लंडच्या हॅमिल्टन या गणितज्ञाने, 1840 च्या दशकात. 1843 मध्ये डब्लिनच्या एका पुलाजवळून जाताना त्याला चार घटकांच्या संख्यांचं सूत्र सुचलं, आणि त्यांतल्या तीन घटकांच्या भागाला त्याने हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाहून नेणारा. त्यामागचा धातू आणि संस्कृतातला 'वह्' हे एकाच मुळाचे, म्हणजे आपल्या 'वाहणे'शी या शब्दाचं दूरचं नातं निघतं. हॅमिल्टनच्या पसाऱ्यातून नेमकं कामाचं तेवढं वेगळं काढलं ते अमेरिकेत गिब्जने आणि इंग्लंडमध्ये हेविसाइडने. गिब्जच्या व्याख्यानांवरून 1901 मध्ये पुस्तक झालं आणि आजच्या वर्गातली मांडणी तिथून पसरली.

मराठीत व्हेक्टरला 'सदिश' हा शब्द छान बसला. 'विस्थापन' मात्र आमच्या भागात वर्गात उच्चारला की एखादं पोर हमखास विचारतं, "म्हणजे धरणग्रस्त का सर?" कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांच्या नातवंडांना हा शब्द भौतिकशास्त्राच्या आधीपासून ठाऊक असतो. त्यांच्या अर्थाने पाहिलं तर जुनं गाव आणि नवं गाव यांना जोडणारा बाणही काढता येतो, किलोमीटर आणि अंशांसकट.

आता एक फसवं उदाहरण. कराडपुढे कृष्णा सांगलीला जाते. सांगली हे कराडच्या दक्षिणेला सुमारे 48 आणि पूर्वेला सुमारे 41 किलोमीटर, म्हणजे विस्थापन 63. महाबळेश्वर ते सांगली काढायचं तर दक्षिणेला एकूण 118, पूर्वेला 96, आणि वर्गमूळ 152. पण 89 अधिक 63 ही साधी बेरीजही 152 च येते! पोरं खूश होतात, सदिशाचा खटाटोप कशाला म्हणतात. दोन्ही बाणांचे कोन बघायला सांगितले की लक्षात येतं: पहिला 38 अंशांचा, दुसरा 40 च्या किंचित वर. दोन बाण जवळजवळ एकाच रेषेत आहेत म्हणून साधी बेरीज जुळली. हेळवाकच्या वळणावर हीच युक्ती करून पाहायला सांगावं.