गादी 'सरकत' नाही, म्हणून ती 'बसवता'ही येत नाही

कंबरेतली गादी सरकली की जाणकार हाताने दाबून ती जागेवर बसवता येते, हा समज फार जुना. मुळात गादी सरकतच नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. चिरतं ते तिचं बाहेरचं चिवट कडं. त्या फटीतून आतला मऊ गर बाहेर येऊन नसेला टेकतो. बहुतेकदा हे शेवटच्या दोन गाद्यांत घडतं, म्हणून कळ पार पायापर्यंत उतरते. बाहेरून कितीही दाबा, गर आत जात नाही.

तो कमी होतो तो शरीराच्याच पेशी त्याला हळूहळू खातात म्हणून. गंमत अशी की सुटून बाहेर आलेला मोठा तुकडा साध्या फुगवट्यापेक्षा अनेकदा जास्त विरतो. बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत ओसरतं. अंथरुणाला मात्र एक-दोन दिवसांपेक्षा जास्त खिळू नका. थोडं थोडं चाला. पायातली कळ वर कंबरेकडे सरकू लागली, तर कंबर दुखत असली तरी ते सहसा चांगलं लक्षण.

शस्त्रक्रियेने पायाची कळ लवकर थांबते, पण वर्ष-दोन वर्षांनी फरक बराच पुसट होतो. लघवी अडकली, जांघेची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.