फ्रुक्टोज : ‘याने शुगर वाढत नाही’ या दाव्यामागचा इतिहास

फ्रुक्टोज, म्हणजे फळांत आणि मधात असणारी साखर, रसायनशास्त्राला १८४७ पासून माहीत आहे. मधुमेहींना ‘चालणारी साखर’ अशी त्याची ख्याती झाली ती मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे एखादा पदार्थ रक्तातले ग्लुकोज किती वाढवतो याची मोजपट्टी, मांडला गेला, तेव्हा ग्लुकोजला १०० धरून फ्रुक्टोज २० च्या आसपास भरले. आकडा बरोबरच होता. पण ही मोजपट्टी रक्तातले ग्लुकोज तेवढे मोजते, आणि फ्रुक्टोजचा बराचसा कारभार यकृतात चालतो.

ग्लुकोजच्या विघटनावर एका एन्झाइमचा चाप असतो. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की वेग आपोआप मंदावतो. फ्रुक्टोज हा चाप टाळूनच आत शिरते. यकृतातले फ्रुक्टोकायनेज हे एन्झाइम त्याला झपाट्याने फॉस्फेट जोडते. मोठी मात्रा एकदम आली तर पेशीतले एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्ची पडते, यूरिक अ‍ॅसिड वाढते आणि काही कार्बन चरबीकडे वळतो. शिरेतून फ्रुक्टोज देण्याचे धोके तर १९७० च्या दशकातच नोंदले गेले होते.

अमेरिकेतल्या मधुमेह मार्गदर्शनाने २००२ मध्ये, गोडीसाठी वेगळे फ्रुक्टोज घालू नये, असे सांगितले. रक्तातील चरबीवरचा परिणाम हे कारण. फळांना आक्षेप नव्हता. २००९ च्या एका प्रयोगात १० आठवडे २५ टक्के ऊर्जा गोड पेयांतून दिली, एका गटाला ग्लुकोजच्या तर दुसऱ्याला फ्रुक्टोजच्या. वजन दोन्ही गटांत सारखेच वाढले, पण पोटातली चरबी वाढली ती मुख्यतः फ्रुक्टोजच्या गटात.

एवढे हाती असूनही युरोपात २०१३ मध्ये वेगळाच निर्णय झाला. पदार्थातल्या ग्लुकोज किंवा साखरेच्या किमान ३० टक्के जागी फ्रुक्टोज घातले, तर ‘रक्तशर्करा कमी वाढते’ असे वेष्टनावर छापायला परवानगी मिळाली. २०१४ पासून ती लागू झाली. दावा अक्षरशः खरा, हे समर्थकांचे म्हणणे मान्य. पण ज्या शास्त्रीय मताच्या आधारे परवानगी दिली, त्याच मतात जास्त फ्रुक्टोजने रक्तातील चरबी बिघडते, इन्सुलिनला प्रतिरोध येतो, असा इशारा होता. ग्राहकापर्यंत अर्धेच वाक्य गेले, आणि मला हा निर्णय चुकीचाच वाटतो.

दरम्यान सगळा रोष मक्यापासून केलेल्या हाय-फ्रुक्टोज कॉर्न सिरपवर निघाला. शीतपेयांतल्या सिरपमध्ये फ्रुक्टोज सुमारे ५५ टक्के असते. आपली उसाची साखर आतड्यात निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज अशी फुटते. यकृताला हा फरक फारसा जाणवायचा नाही.

२०१८ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून दिसले की थोड्या मात्रेतल्या फ्रुक्टोजचे रूपांतर लहान आतड्यातच होते. आतड्याची क्षमता संपली की उरलेले यकृताकडे जाते. त्यामुळे आता प्रश्न मात्रेचा आणि वेगाचाही झाला आहे.