हौद्यात कॅम्पर, डॅशबोर्डवर इशारे: पिकअपच्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

पिकअपच्या हौद्यात उचलून ठेवायचा, स्वतःची चाके नसलेला कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची छोटी खोली, ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात. गाडी नवी, कॅम्पर नवा, मग डॅशबोर्डवर इतके इशारे का? इंडिकेटर भरभर लुकलुकतो, ट्रेलर नसताना ‘ट्रेलर सुटला’ असा संदेश येतो, रिव्हर्स टाकला की गाडी आपणहून ब्रेक मारते, आणि दिवसभर गाडी चालवूनही कॅम्परची बॅटरी अर्धीच भरते.

गाडी बहुधा बिघडलेली नसते. पिकअप बनवणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक्स रचताना दोनच शक्यता धरल्या आहेत: एक तर मागे ट्रेलर जोडलेला आहे, नाहीतर काहीच नाही. कॅम्पर या दोन्हींत बसत नाही. तो हौद्यातला माल आहे, पण त्याला दिवे आहेत, बॅटरी आहे, आणि तो गाडीचे मागचे कॅमेरे आणि सेन्सर झाकतो. त्यामुळे गाडीचा समज चुकतो, आणि त्या चुकीच्या समजुतीवर ती अगदी बरोबर वागते. इशारा दाबून टाकायच्या आधी गाडीला नेमके काय वाटते आहे हे आम्ही शोधतो. तुम्हीही तेच शोधावे असा आमचा आग्रह आहे.

सात पिनांचे सॉकेट

उत्तर अमेरिकन पद्धतीच्या पिकअपला मागे सात पिनांचे गोल सॉकेट असते. अर्थिंग, टेललाइट, डावा इंडिकेटर व ब्रेक, उजवा इंडिकेटर व ब्रेक, रिव्हर्स, ट्रेलरचा इलेक्ट्रिक ब्रेक आणि १२ व्होल्टचा पुरवठा अशा त्या सात वायरी. कॅम्परला यातली ब्रेकची पिन लागत नाही, कारण त्याला चाकेच नाहीत. ती मोकळीच ठेवायची असते. कोणी ‘रिकामी पिन आहे’ म्हणून तिच्यावर दुसरे काही जोडले असेल, तर आधी ते काढा.

पूर्वी या सॉकेटमागे साधे फ्यूज आणि रिले (विजेने चालणारे स्विच) असत. आता अनेक गाड्यांत तिथे एक मॉड्यूल असते आणि ते प्रत्येक वायरीवर किती करंट जातो हे मोजते. ठरावीक करंट दिसला की गाडी मानते, ट्रेलर आला. मग ती मागचे पार्किंग सेन्सर बंद करते, बाजूची गाडी दाखवणारी यंत्रणा बंद करते किंवा तिचा पल्ला बदलते, आणि ट्रेलर हेलकावे घेऊ लागला तर सावरायची तयारी ठेवते. करंट मध्येच तुटला तर ट्रेलर सुटल्याचा इशारा देते. कॅम्परच्या प्लगमध्ये लूज कनेक्शन असेल तर खड्ड्याखड्ड्याला हा इशारा येतो, आणि वेगात असताना तो माणसाला दचकवतो.

म्हणून आम्ही पहिल्यांदा विचारतो की कॅम्परच्या मागे आणखी काही ओढायचे आहे का. ओढायचे नसेल, तर गाडीला ‘मागे काही नाही’ असेच वाटू देणे चांगले. कॅम्परचे दिवे वेगळ्या मॉड्यूलवरून चालवायचे आणि सॉकेटवर भार जवळजवळ शून्य ठेवायचा. मागे ट्रेलरही असेल, तर गाडीच्या सॉकेटवर तो ट्रेलर एकटाच असावा, म्हणजे त्याचे ब्रेक गाडीला ओळखता येतात. कॅम्परसाठी हौद्याच्या पुढच्या भिंतीत दुसरे सॉकेट घ्यावे. एकाच सॉकेटला दुफाटा जोडून दोन्ही चालवणे आम्हाला मान्य नाही. तसे केले की कोणता करंट कोणाचा, हे गाडीला कळत नाही.

दिवे

२१ वॅटचा जुना बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. त्याच जागी बसणारा एलईडी याचा लहानसा अंशच घेतो. गाडीला वाटते बल्ब उडाला, आणि ती इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकवून ते तुम्हाला सांगते. दुसरी तऱ्हा अशी की बल्ब शाबूत आहे का हे पाहायला मॉड्यूल दिवे बंद असतानाही वायरीत क्षणभराचे बारीक झटके सोडते. जुन्या बल्बला ते कळतही नसत, एलईडी मात्र अंधारात मिणमिणतो. आणि तिसरी: टेललाइट मंद ठेवण्यासाठी बऱ्याच गाड्या सलग व्होल्टेज न देता ते फार वेगाने चालू-बंद करतात. त्यावर काही एलईडी थरथरतात, आणि कॅम्परमध्ये रिले असेल तर तो किरकिरतो.

यावर बाजारात सर्रास मिळणारा उपाय म्हणजे एलईडीच्या जोडीला लावायचा ६ ओहमचा लोड रेझिस्टर, म्हणजे गाडीला जुन्या बल्बइतका करंट दिसावा म्हणून मुद्दाम लावलेला रोध. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्टवर तो सव्वादोन अँपिअर खेचतो, म्हणजे ३० वॅटची निव्वळ उष्णता. कॅम्परच्या भिंतीत लाकूड, फोम आणि पातळ पत्रा असतो. लांबच्या घाटात ब्रेकवर पाय राहिला की हा रेझिस्टर हात लावता येणार नाही इतका तापतो. आम्ही तो कॅम्परच्या भिंतीत बसवत नाही, ग्राहकाने आणून दिला तरी नाही. त्याऐवजी आम्ही बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजमधून चालणारे मॉड्यूल बसवतो. गाडीच्या वायरी त्याला फक्त इशारा देतात, दिव्यांचा करंट तेच पुरवते. खर्च थोडा जास्त येतो, पण भिंतीत काही तापत नाही.

दिव्यांच्या विचित्र वागण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र अर्थिंग आहे. ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतात, डावा इंडिकेटर लावला की उजवाही मिणमिणतो, असे काही दिसले तर आधी अर्थिंगची पांढरी वायर पाहा. परतीचा रस्ता खराब असला की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. तपासणी घरीही होते. सगळे दिवे लावा, मल्टीमीटरचे एक टोक कॅम्परच्या अर्थिंगला आणि दुसरे गाडीच्या अर्थिंगला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर कुठेतरी गंज किंवा ढिला स्क्रू आहे.

आणखी एक गोष्ट राहून जाते. केबिनच्या मागे वर असलेला तिसरा ब्रेक लाइट कॅम्परने पूर्ण झाकला जातो. कॅम्परला मागे स्वतःचा तिसरा ब्रेक लाइट आहे ना आणि तो पेटतो ना, हे दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहा.

दिवसभर चालवूनही बॅटरी का भरत नाही

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

जुना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारे यंत्र) सतत १४ व्होल्टच्या आसपास देत असे. आता इंधन वाचवण्यासाठी गाडीचा संगणक अल्टरनेटरवर ताबा ठेवतो. गाडीची स्वतःची बॅटरी भरली की तो व्होल्टेज १३ च्या आसपास, कधी त्याखालीही उतरवतो. कॅम्परची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पूर्ण भरायला साधारण १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. तिथेच गणित फसते.

त्यात वायरीची भर. सॉकेटपर्यंत येणारी वायर समजा ६ चौरस मिलिमीटरची आहे आणि इंजिनपासून कॅम्परच्या बॅटरीपर्यंत ८ मीटर अंतर आहे. जाऊन-येऊन १६ मीटर, म्हणजे सुमारे ०.०५ ओहम. २० अँपिअर वाहायला लागले की एक व्होल्ट वायरीतच जातो. पुढून १३.२ निघाले तर बॅटरीपाशी १२.२ पोहोचतात, आणि तेवढ्यावर कोणतीही बॅटरी भरत नाही. वर जर गॅसऐवजी बारा व्होल्टवर चालवलेला गॅस-फ्रिज चालू असेल, तर त्याचे हीटर १० ते १५ अँपिअर एकटे खातात. सॉकेटमधून आलेला करंट फ्रिजमध्ये संपतो आणि उरलेला बॅटरीतून जातो. मुक्कामी पोहोचता तेव्हा बॅटरी निघताना होती त्यापेक्षा रिकामी असते.

आणि लिथियम बॅटरी जाड वायरीने थेट अल्टरनेटरला जोडली तर? तिचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी उभी असताना, इंजिन मंद चालत असताना, अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो. अल्टरनेटर तापतो आणि जळूही शकतो. नुसते व्होल्टेज पाहून जोडणारे जुने चार्जिंग रिलेही नव्या गाड्यांत टिकत नाहीत. व्होल्टेज खाली आले की ते समजतात इंजिन बंद झाले, आणि सुटतात.

खरा उपाय डीसी-टू-डीसी चार्जर. येणारे व्होल्टेज कमी-जास्त झाले तरी तो बॅटरीला हवे तेवढेच देतो आणि अल्टरनेटरवरचा भार ठरावीक मर्यादेत ठेवतो. तो कॅम्परच्या बॅटरीजवळ बसवायचा, आणि त्याला इंजिनपासून स्वतंत्र जाड वायर द्यायची. २५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत वरच्याच अंतराला ४० अँपिअरवरही अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी पडतो. फ्यूज दोन्ही टोकांना हवा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे आणि मधली वायर कुठेही घासली तर करंट दोन्हीकडून धावतो. चार्जर सुरू-बंद व्हायला किल्लीचा सिग्नल द्यायचा, व्होल्टेजच्या अंदाजावर सोडायचे नाही.

अर्थिंगची वायर गाडीच्या बॅटरीच्या ऋण टोकाला थेट लावू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत त्या टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घातला तर गाडीचा हिशेब चुकतो. तिला बॅटरी भरलेली वाटते, किंवा रिकामी होते आहे हे कळतच नाही. कंपनीने चॅसिसवर दिलेल्या अर्थिंगच्या जागीच जोडा. हे काम आधी कोणी करून दिले असेल, तर बॉनेट उघडून एवढे एक नक्की पाहा.

टपावर सोलर पॅनेल असेल तर उत्तमच. उभ्या गाडीत तोच कामाला येतो.

फाळका, कॅमेरा आणि सेन्सर

कॅम्पर बसवायला बहुतेकांना फाळका (हौद्याचे मागचे दार) काढावा लागतो, आणि मागचा कॅमेरा नेमका फाळक्याच्या हँडलमध्ये असतो. प्लग सुटला की पडदा काळा होतो, फाळका उघडा असल्याचा इशारा येतो, काही गाड्यांत हौद्यातला दिवाही सुरू राहतो. सुटलेल्या प्लगला पाणी न जाणारे टोपण लावाच. तिथे साचलेला गंज पुढे महिनोन्‌महिने त्रास देतो. फाळक्याकडचे टोकही गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

गाडीचाच कॅमेरा कॅम्परच्या मागे नेता येतो, पण त्यासाठी त्या गाडीच्या जोडणीला जुळणारी एक्स्टेन्शन केबल लागते. कॅमेरा डिजिटल असेल तर दुसरा कोणताही लावून चालत नाही. आमचा अनुभव असा की कॅम्परसाठी वेगळा कॅमेरा आणि वेगळा छोटा पडदा हाच निर्वेध मार्ग. गाडीच्या यंत्रणेला हात लागत नाही आणि कॅम्पर उतरवला की सगळे पूर्ववत होते.

बंपरमधले पार्किंग सेन्सर कॅम्परचा मागे आलेला भाग किंवा पायरी पाहून सतत ओरडतात. याहून गंभीर म्हणजे रिव्हर्समध्ये आपोआप ब्रेक मारणारी सोय. तिला कॅम्परची पायरीच भिंत वाटते. ही सोय सेटिंगमधून बंद करा, आणि इंजिन पुन्हा सुरू केल्यावर ती परत चालू होते का तेही बघा, कारण अनेक गाड्यांत होते. बाजूच्या रडारसमोर कॅम्पर उचलायचे पाय, म्हणजे जॅक, येत असतील तर तेही खोटे इशारे देतात. गाडी घसरताना सावरणारी स्थिरता-यंत्रणा मात्र कधीही बंद करू नका. कॅम्परमुळे गुरुत्वमध्य वर गेलेला असतो आणि तिची गरज तेव्हाच सर्वाधिक असते.

केबिनवर पुढे आलेल्या भागाची सावली काचेवर पडते. त्यामुळे काही गाड्यांचे हेडलाइट भर दुपारी आपोआप लागतात आणि पडदा रात्रीसारखा मंद होतो. टपावरचा अँटेना झाकला गेल्याने जीपीएसही भरकटू शकते. मागे दबलेल्या गाडीचे नाक वर येते, त्याबरोबर हेडलाइटचा झोत आणि पुढच्या रडारचा रोख बदलतो. याला वायरिंगने काही होत नाही. आधी सस्पेन्शन सरळ करून घ्या.

टायरचा दाब आणि जॅक

हवेचा दाब दाखवणारा दिवा बंद आहे म्हणजे टायर ठीक आहे, असे कॅम्पर घेऊन जाताना मानू नका. समजा दरवाज्यावरच्या पट्टीनुसार मागचा दाब ६० पीएसआय आहे आणि या वजनासाठी तुम्ही ८० भरलात. इशारा साधारणतः पट्टीवरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर येतो, म्हणजे ४५ ला. टायर ५० वर आला तरी दिवा गप्प राहील, आणि त्या टायरवर पूर्ण कॅम्परचे वजन असेल. गाडीत भारासाठी वेगळी सेटिंग असेल तर ती वापरा, नाहीतर निघण्यापूर्वी गेजने मोजा.

एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर कॅम्पर जॅकवर उचलण्याआधी ते जॅक मोडवर टाका. नाहीतर वजन हलके होताच गाडी आपोआप पातळी बदलायला लागते, आणि त्या वेळी कॅम्पर चार पायांवर अधांतरी असतो. गाडीच्या अलार्मला कलणे ओळखणारा सेन्सर असेल तर झोपण्यापूर्वी तोही बंद करा. रात्री कूस बदलली तरी भोंगा वाजतो.

आमच्याकडे येताना

गाडी आणि कॅम्पर जोडलेल्या अवस्थेत आणा. नुसती गाडी पाहून यातले निम्मे दोष दिसत नाहीत. डॅशबोर्डवर आलेल्या संदेशाचा फोटो काढा. तो नेमका कधी आला तेही लिहून ठेवा: किल्ली फिरवल्यावर, ब्रेक दाबल्यावर, रिव्हर्समध्ये, की पावसानंतर. कॅम्परच्या बॅटरीचा प्रकार आणि क्षमता, सोलर असल्यास त्याचे वॅट, आणि मागे ट्रेलर ओढायचा आहे की नाही, एवढे आधी कळवा. वायरीत आधी कोणी क्लिपा टोचून जोड दिले असतील तर ते काढू नका, आम्हाला तसेच दाखवा. दोष शोधताना बहुधा पहिला धागा तिथेच सापडतो.